जादा पट्टा

लहान मापाचे सगळे स्वेटर वाया गेल्याचं कळलं, त्या दिवशी कारखान्याच्या मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि एक स्वेटर टेबलावर पसरला. बाह्यांवर एक निळा पट्टा होता. तो तिथे असायला नको होता.

"वहिनींच्या इंटरप्रिटरमध्ये काहीतरी राहिलं असेल," मालक हळू आवाजात म्हणाला.

"काही राहिलेलं नाही."

"मी दोष देत नाहीये हो."

"मग काय देताय? हारतुरे?"

 तो दार आपटून बाहेर आला.

त्याची बायको जाऊन दोन महिने झाले होते. विणकामाच्या मशीनसाठी तिने एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा तयार केली होती. नमुना त्या भाषेत लिहायचा आणि तिच्या इंटरप्रिटरने तो वाचून मशीनला एकेक ओळ विणायला लावायची. इंटरप्रिटर तिचा, चाचण्या त्याच्या. बारीकसा नमुना द्यायचा, उत्तर काय यायला हवं ते आधीच लिहून ठेवायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

ती गेल्यावर तिचं शेवटचं काम म्हणून त्याने तो इंटरप्रिटर कारखान्यातल्या मशीनवर चढवला होता. त्याआधी सगळ्या चाचण्या चालवल्या होत्या. सगळ्या हिरव्या.

म्हणजे नंतर कोणीतरी हात घातला होता. कोणी, हेही त्याला माहीत होतं. कारखान्यात बायकोच्या खुर्चीत आता एक नवी बाई बसत होती. आल्या आल्या तिने खुर्चीची उंचीसुद्धा बदलली होती.

"पट्ट्यांचा भाग तुम्ही उघडलात?" त्याने विचारलं.

"वाचायला उघडला होता, सर. बदललं काही नाही."

"वाचता वाचता बोट पडलं असेल."

"सर, आपण तो नमुना एकदा बघू या का? नाहीतर कोणी कधी काय बदललं, ते तरी. सगळं नोंदलेलं असतं..."

"गेलेल्या बायकोची झडती घ्यायची? माझ्या हातून?"

 नवी बाई खाली बघू लागली. त्याला वाटलं, सापडली.

"चाचण्यांनीच सिद्ध करतो," तो म्हणाला. "मग तुमची खुर्ची पुन्हा खाली करू."

त्याने जुन्या चाचण्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्यापासून नव्या लिहायला घेतल्या. बेरीज, वजाबाकी, रंग बदलणं, पट्टा एकदा, पट्टा अनेकदा. सगळं हिरवं. हिरवं दिसलं की तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "बघा, हेही बरोबर." बाकीचे आपापल्या पडद्याकडे बघत राहायचे. त्याचा त्याला आणखीच राग यायचा. मेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारायला यांना बरं जमतं.

घरी चाचण्यांवरून त्यांचा एक खेळ चालायचा. चाचण्या जाग्या आहेत का बघायला ती अधूनमधून इंटरप्रिटरमध्ये मुद्दाम एक चूक पेरायची. त्याला सापडली तर भांडी तिने घासायची. नाही सापडली तर भांडी त्याने घासायची, आणि आधी 'हरलो' म्हणायचं. त्याशिवाय ती जागा दाखवायची नाही. बहुतेक भांडी त्यानेच घासली होती. "तू ना, तेच तेच तपासतोस," ती म्हणायची. "जिथे काहीच घडायचं नसतं, तिथे बघतच नाहीस."

दवाखान्यातही तिला तेच. नळ्या लावलेल्या, आवाज बसलेला, आणि विचारायची काय, तर "चाचण्या चालवल्यास?"

"चालवल्या. सगळ्या हिरव्या."

ती इतकी हसली होती की नर्स धावत आली. शेवटच्या दिवसांतलं तेवढंच एक हसू त्याच्याजवळ होतं. आपल्या कामात खोट निघाली नाही म्हणून ती समाधानाने हसली, हे त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

अशा बाईला हे लोक निष्काळजी ठरवणार होते.

एका दुपारी लिहिण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याने ती चाचणी लिहिली. पट्टा शून्य वेळा. उत्तर: काहीच नाही.

लाल.

शून्य वेळा सांगूनही इंटरप्रिटर एक पट्टा विणत होता. लहान मापाला पट्टा नको म्हणून नमुन्यात नेमकं शून्य लिहिलेलं होतं.

"या इकडे!" तो ओरडला. नवी बाई आली, मालकही केबिनबाहेर आला. "आता बघूच कोणी बदललंय. सगळ्यांसमोर."

"सर, राहू दे ना," नवी बाई म्हणाली.

"का? आता का?"

त्याने पट्टे मोजणारी ओळ आणि तिची नोंद उघडली. एकच चिन्ह बदललेलं होतं. बदल बायकोच्या नावावर होता, दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळचा. मालकाने मान फिरवली. दोघांनाही आधीपासून माहीत होतं.

"चूक कोणाचीही होते, सर," नवी बाई म्हणाली.

तो त्या चिन्हाकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला, आणि त्याला थांबता येईना.

"चूक नाहीये ती," तो म्हणाला.

त्याचं 'हरलो' म्हणायचं राहून गेलं होतं.