पंख्याला हात लावण्याआधी

त्यांच्या जुन्या, दोन माणसांच्या विमानाला स्टार्टर नव्हता. पुढचा पंखा हाताने फिरवूनच इंजिन सुरू करावं लागायचं. तेवीस वर्षं दोघांची रीत ठरलेली होती. पंख्याला हात लावण्याआधी नवरा ओरडून विचारायचा, "स्विच बंद?" आत बसलेली बायको इंजिनाचा स्विच बघायची आणि मगच म्हणायची, "बंद!" मग तो इंजिनात पेट्रोल चढावं म्हणून पंखा सावकाश चारदा फिरवून घ्यायचा. स्विच चालू व्हायचा तो त्यानंतरच.

त्या सकाळी घरातून निघतानाच दोघांचं वाजलं होतं. त्याने नेहमीसारखं विचारलं. तिने मोबाइलमधून मान वर न करताच उत्तर फेकलं, "बंद!"

स्विच चालू होता. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि पंख्याने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला.

दवाखान्यात चौकशी अधिकाऱ्याने जबाबाचा कागद पुढे केला. "आज यांनी विचारलंच नाही, साहेब," असं सांगून तिने सही केली. अधिकारी आत गेला. ती पडद्याआड कान देऊन उभी राहिली.

"तिची काही चूक नाही," नवरा खोल गेलेल्या आवाजात सांगत होता. "मी विचारलं, तर 'चालू आहे, थांबा' म्हणून ती ओरडलीसुद्धा. मीच घाई केली."

"अहो, पण तुम्ही विचारलंच नाही, असं बाईंनी लिहून दिलंय."



"मग तिचाच कागद खरा धरा, साहेब. नाहीतरी मला आता सही कुठे करता येणार?"