टेबलावरची बॅटरी

विमानात कॅमेऱ्यांची बॅग पायाशी सरकवून मी पट्टा आवळला, तेवढ्यात आईचा फोन आला.

“वेंधळ्या, कॅमेऱ्याची एक बॅटरी टेबलावरच विसरला होतास. मी मोज्यात गुंडाळून तुझ्या मोठ्या बॅगेत घातली.”

ती कधीही पेट घेईल म्हणून मी टाकून द्यायला काढली होती. मोठी बॅग आता विमानाच्या पोटात होती, आणि काउंटरवर मी छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘आत एकही बॅटरी नाही.’

“आई, ती फुगली होती गं!”

“दिसलं की मला. म्हणून तर लाटण्याने दाबून सपाट केली.”

विमान हललं. शेजारच्या बाईंनी बाळाला छातीशी धरलं. मी डोक्यावरचं, कर्मचाऱ्यांना बोलवायचं बटण दाबलं आणि दाबतच राहिलो.