लेकीने अडवलेली गोष्ट

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बाईंचा तोरा प्रकाशकापुढेही उतरत नसे. पण अकरा वर्षांच्या लेकीने "पास" म्हटल्याशिवाय त्यांची गोष्ट घराबाहेर पडत नसे. आज संध्याकाळपर्यंत गोष्ट पोचवायची होती आणि लेक शेवटच्या पानावर अडून बसली होती.

"हे खोटं वाटतं, आई."

"खोटं काय त्यात? वर्गातल्या मुली तिला शाळेच्या बाथरूममध्ये कोंडतात, ती किंचाळते, मावशी धावत येऊन कडी काढतात. सुटली बिचारी!"

"ती किंचाळणार नाही."

"का गं? तोंड शिवलंय तिचं?" बाई फणकारल्या.

लेक पानाचा कोपरा दुमडत राहिली.

"किंचाळलं की त्या मुली बाहेरून दिवासुद्धा घालवतात."