फिट

“तब्येत वगैरे? फिट?” गुरुदत्त सरांनी विचारलं आणि उत्तर ठरलेलंच असल्यासारखा पाण्याच्या ग्लासकडे हात नेला.

“फिट,” प्रितम म्हणाला.

इथे थांबता आलं असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तेवढाच आपल्या भाषेचा फायदा. सकाळी कल्याणहून निघताना थोरल्या बहिणीने, समीक्षाने, दारात अडवून बजावलेलं, “हे बघ, ‘फिट आहे’ म्हणायचं. ‘फिट येते’ म्हणायचं नाही. कळलं? आहे. येते नाही.” तो बसमध्ये ‘आहे, आहे’ घोकत आलेला. शेवटी शेजारचा माणूस म्हणाला, “अहो असेल, पण मला कशाला सांगताय?”

नोकरी जवळजवळ मिळालेली होती. माजिवड्याच्या या ऑफिसातून टॉवरांच्या लिफ्ट सांभाळल्या जायच्या. कोणी अडकलं की फोन उचलायचा, मेकॅनिक पाठवायचा आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं. मघाशी परीक्षा म्हणून प्रितमला फोन उचलणाऱ्या कल्पिताच्या बाजूला बसवून एक खराच फोन दिलेला. बाळकुमला एक आजोबा अडकलेले. मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा आजोबा त्याला म्हणाले, “जरा थांबा, आमचं बोलणं संपू दे.” त्यावर सर खूश होऊन ‘सोमवारपासून’ असं काहीतरी बोललेही होते.

“येते,” प्रितम म्हणाला.

“काय येते?” एचआरच्या शिवानी मॅडम अजून हसतच होत्या.

“फिट. एपिलेप्सी आहे मला. गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षात एकदाच आलेली.”

सरांनी ग्लास न पिताच खाली ठेवला.

मागच्या ऑफिसात प्रितमने लपवलेलं. शुद्धीवर आला तेव्हा नाकावर साहेबांची चप्पल होती आणि साहेब म्हणत होते, “आधी सांगितलं असतंस तर ठेवला असता तुला.” त्याच्याही आधीच्या ऑफिसात त्याने आधीच सांगितलेलं. तिथे ठेवला नव्हता.

“छे छे, आमच्याकडे भेदभाव चालत नाही,” सर म्हणाले. अजून कोणी केलाही नव्हता.

“येण्याआधी कळतं का तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

“कधी कधी. एखादं मिनिट.”

“कसंय ना, आमच्याकडे रजा दोन दिवस आधी टाकावी लागते.”

“सांगून बघतो तिला.”

कोणी हसलं नाही.

“आणि समजा आली,” सर पुढे झुकले, “तर आम्ही काय करायचं?”

“विशेष काही नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही. मग थांबायचं. पाच मिनिटांत नाहीच थांबली तर डॉक्टर.”

“आणि चप्पल?”

“पायात ठेवायची, सर.”

सरांनी टेबलाखाली पाय जरा मागे घेतले. “हे बघ, पर्सनली घेऊ नकोस. लिफ्ट बंद पडली की लोक तुला फोन करणार. तू बंद पडलास तर?”

“बाजूच्या खुर्चीत कल्पिता बसते ना? ती पण फोन उचलते.”

“ती घाबरेल रे.”

“विचारलंत तिला?”

“कसं विचारणार?” मॅडमना धक्काच बसला. “हे कॉन्फिडेन्शिअल आहे. तुम्ही निश्चिंत राहा. या केबिनबाहेर एक शब्द जाणार नाही. दोन मिनिटं बाहेर बसता?”

तो बाहेर बसला. केबिन काचेची होती. आत सर हातवारे करून काहीतरी दाखवत होते. आधी हात थरथरवले, मग मान वाकडी केली. बऱ्यापैकी जमलेलं. मग मॅडम बाहेर आल्या, कल्पिताच्या कानाशी वाकल्या, तिथून पँट्रीत गेल्या, पाणी न घेताच परत आल्या. कल्पिताने आपली खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवली. खुर्चीची चाकं वाजली तशी ती ओशाळून हसली.

त्याला परत आत बोलावलं.

“तू हुशार आहेस,” सर म्हणाले. “बोलतोस पण छान. त्या आजोबांचा फोन आलेला मगाशी, तुझं नाव विचारत होते. पण कसंय, आमच्या टीममध्ये तू फिट बसत नाहीस.”

बसत. हे क्रियापद समीक्षाच्या लक्षात आलंच नव्हतं.

“थँक यू, सर,” प्रितम म्हणाला आणि उठला.

लिफ्टपाशी कल्पिता आणि ऑफिसातले आणखी दोघं-तिघं चहाला खाली जायला उभे होते. लिफ्ट आली. प्रितम आत शिरला. मागोमाग एकाने पाऊल आत टाकलेलं, ते त्याने उचलून परत बाहेर ठेवलं.

“तुम्ही व्हा पुढे,” कल्पिता म्हणाली. “आम्ही येतो मागून.”

दार बंद होताहोता पँट्रीतल्या शेवंती मावशी धावत आल्या. फटीतून हात घालून त्यांनी त्याच्या मुठीत काहीतरी कोंबलं. “असू दे रे बाळा. वाटेत लागला तर.”

कांदा होता. बुक्कीने फोडून तयार ठेवलेला.

लिफ्ट खाली निघाली. बटणांच्या वर पत्र्याची पाटी होती, क्षमता आठ माणसे. तिच्याखाली कंपनीचा नवाकोरा स्टिकर:

‘अडकलात तर घाबरू नका. फोन करा. दार उघडेपर्यंत आमचा माणूस तुमच्याशी बोलत राहील.’