दोनशे वर्षांची बकुळ

"शाळेतली बकुळ दोनशे वर्षांची आहे, हे तुला कुणी सांगितलं?" ग्रंथपाल लिस्सी टीचरनी नफलाच्या निबंधावर बोट ठेवलं.

"सगळेच म्हणतात, टीचर."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. मुळाशी जा, नाव लिहून आण. मगच निबंध घेईन."

नफलानं वही घेऊन गाव पालथं घातलं. चहावाल्या कुंजुमोन चेट्टननी ते पंचायतीच्या मेंबरकडून ऐकलं होतं. मेंबर म्हणाले, "अगं, तुमच्याच शाळेच्या स्मरणिकेत छापलंय! म्हणून तर झाडाला लावायला फलक रंगवायला दिलाय."

स्मरणिका ग्रंथालयातच, वरच्या फळीवर धूळ खात होती. नफलानं ती टीचरपुढे उघडून धरली आणि फलकाचंही सांगितलं. लेखाखाली नाव होतं : लिस्सी कुरियन, ग्रंथपाल.

"आणि टीचर, तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं पेनाचं टोपण काढलं.

टीचरनी स्वतःच्याच नावावर बोट ठेवलं.

"कुणीच नाही गं. दोनशे लिहिलं की भारदस्त वाटत होतं. फलक थांबवायला मी मेंबरना सांगते. तू हे अस्संच लिही, आणि खाली माझं नाव घाल."