हलिमाखालाचा मांजरपाट

हमदुल्लाने डगला खांद्यावरून उतरवायच्या आधी हलिमाखालाने स्वैपाकघराला आतून कडी घातली. गोळीची जुनी जखम गळ्याखाली होती. त्याखाली छातीभर मांजरपाटाची पट्टी घट्ट आवळलेली.

"पुन्हा चिघळलीय, बाय," खाला म्हणाली.

'बाय' खाला फक्त कडी लावल्यावरच म्हणायची. बाहेर, बर दुबई भागातल्या बाजारात हमदुल्ला गोदामावरचा पहारेकरी होता. ओमानच्या डोंगरात इमाम आणि सुलतान यांची लढाई पेटली तेव्हा तिथल्या प्रत्येक घरातून एक बंदूक जायलाच हवी होती, आणि खरा हमदुल्ला, या बायचा भाऊ, नेमका त्याच महिन्यात तापाने गेला. तिने त्याचा डगला चढवला, त्याचं नाव घेतलं आणि निघाली. तीन वर्षं लढली. लढाई हरून दुबईत आल्यालाही आता पाच वर्षं झाली होती. बाईला पहाऱ्यावर कोण ठेवणार, म्हणून नाव तसंच राहिलं.

खाला दाभोळची. नवरा गेल्यावर इथे दुबईत खाडीकाठी खलाशांना भाकरी-कालवण घालू लागली होती. हमदुल्ला आणि तिचा दोस्त जहूर रोज तिथेच जेवायचे. दोघांनी खालाची बोलीही भाकरीबरोबरच उचलली होती. कालवणात मीठ कमी की जास्त, यावर त्यांचं रोज भांडण व्हायचं आणि शेवटी एकाच थाळीत दोघं जेवायचे.

खालाने जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली.

"मी उद्याच्या लाँचने बहरीनला जाते," हमदुल्ला म्हणाली.

खालाचा हात थांबला. "आणि जहूर?"

त्याच्यामुळेच तर जायचं होतं. आदल्या दिवशी जहूरने डगल्यावरचा डाग पाहिला आणि हटूनच बसला, जखम दाखव म्हणून. हमदुल्लाने नाही म्हटलं, तर म्हणाला, मी डोळे मिटून पट्टी बांधतो.

"पुरुष पुरुषाला असं म्हणेल का, खाला? त्याला संशय आलाय."

खाला चुलीकडे वळली आणि उगाच फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "सांगून टाक त्याला."

"नको. एका खंदकात झोपलो आम्ही, आता एका खोलीत राहतो. पहाटे तो एकटाच खाडीवर अंघोळीला जातो, मला खोली मोकळी मिळते. इतका भला माणूस मला मिळायचा नाही. पण कळलं तर तो परक्या बाईबरोबर राहील? त्यापेक्षा मीच जाते. दोस्त म्हणून आठवण तरी काढेल." ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही भाकरीवर हात ठेवून शपथ घेतलीय. त्याला एक शब्दही सांगायचा नाही."

"शपथ मी कधी मोडली नाही. माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

खालाने फळीवरून मांजरपाटाचा तागा काढला आणि दोन लांब पट्ट्या टरकावल्या. एक हमदुल्लाच्या हातात दिली, दुसरी घडी करून फळीवर ठेवली.

"दुसरी कशाला?"

"असू दे. लागते."

मग तिने हळदीचा लेप लावला आणि तो सुकेपर्यंत पट्टी बांधायची नाही असं बजावलं. कोणी आलंच तर तांदळाच्या पोत्यांमागे बस, तिथे गोणपाटाचा पडदा आहे, असंही सांगितलं. हमदुल्ला म्हणाली, लवकर निघायला हवं, बोचकं बांधायचंय. खाला म्हणाली, आज शुक्रवार आहे, दुपार कलल्यावरच्या अस्रच्या अजानपर्यंत तरी थांब, चहा पिऊन जा.

अजान झाली आणि मागच्या दारावर टकटक झाली.

हमदुल्ला डगला छातीशी धरून पडद्यामागे गेली. खालाने दार उघडलं. जहूर होता. त्याने आधी आत डोकावून पाहिलं.

"जेवायला कोणी नाही ना, खाला?"

"जेवायला कोणी नाही," खाला म्हणाली. तिने जहूरला आत घेतलं, दाराला कडी लावली आणि फळीवरची घडी उचलून दिली. जहूरने पट्टी उलगडून दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"ही चांगली रुंद आहे. गेल्या महिन्याची छातीवर सारखी सरकायची. खाला, तुमची शपथ आठवतेय ना? मी बाई आहे हे हमदुल्लाला कळू देऊ नका. कळलं तर तो मला सोडून जाईल."