पोरगी पाहायला

"आधी घर नीट पाहून घ्या साहेब, मग पोरीले बोलावू," शामकलाबाई म्हणाली, आणि भुपेंद्र खुर्चीतून उठला.

मुलगी दाखवण्याआधी घर दाखवणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. पण तिशी कधीच उलटली होती. बरीच स्थळं हातची गेली होती. नखरे करायची सोय राहिली नव्हती. गोंदियाहून भाड्याची गाडी करून, आईला सोबत घेऊन तो अर्जुनी मोरगावकडच्या या गावात आला होता. नव्या शर्टाची कॉलर मानेला काचत होती.

स्थळ केशोरावांनी आणलं होतं. ते गावोगाव लग्नं जुळवत फिरायचे. "साहेब, एका घरची पोरगी पाहाची आहे, तुमी येऊन जा," एवढंच ते फोनवर बोलले. तेवढ्यावर भुपेंद्रने शर्ट शिवायला टाकला होता.

शामकलाबाई पुढे, तो मागे. चूल दाखवून झाली, धान साठवायची ढोली दाखवून झाली. "पोरगी इथं झोपते, माह्या बाजूले. अभ्यासाले इथं बसते. लाईट आहे, पन भरोसा नाई."

"आणखी कोण कोण असतं घरात?"

"मी न् ते. दोघीच. मायबाप गेले तिचे. एकाच साली."

भुपेंद्रने चेहरा शक्य तेवढा दुःखी केला. सासू-सासऱ्यांची कटकट नाही, हेही त्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहिलं नाही. पोरगी शिकलेली आहे का, हे त्याने विचारलं. मास्तर तिची तारीफ करतात, असं उत्तर आलं. म्हणजे डी.एड. असावी, असं त्याने धरून घेतलं.

ओसरीवर त्याची आई सुलोचनाबाई केशोरावांसोबत लाखोळीच्या डाळीचे वडे खात बसली होती. "काही लपवून नाही राहिले, बाबू," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "घर गरीब आहे, पण सच्चं आहे." मग मोठ्याने म्हणाली, "बोलवा आता पोरीला."

आतून एक शाळकरी पोर पाण्याचे पेले घेऊन आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, रविवार असूनही अंगावर शाळेचा गणवेश. शेजारची असेल, असं भुपेंद्रला वाटलं.

"नाव काय तुझं?"

"आचल."

"कितवीत आहेस?"

"चौथीत."

"शाबास. जा, दीदीला पाठव."

पोरीने शामकलाबाईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "इथं दीदी नाई कोनी."

भुपेंद्रचा पेला तोंडाजवळच थांबला. "मग पाहायची ती मुलगी कुठाय?"

"हेच तं होय," शामकलाबाई म्हणाली. "माही नात. तुमच्या ऑफिसात दोन सालापासून तिची मदतीची फाईल पडून आहे. मायबाप नसलेल्या लेकरांची मदत. साहेब घरी येऊन पोरीले पाह्यल्याबिगर फाईल सरकत नाई, असं तुमीच सांगता. कधी म्हनता गाडी नाई, कधी म्हनता टाईम नाई. आता पाचवीची शाळा अर्जुनीले. मदत नाई आली तं पोरगी घरी बसन."

फाईलचं ऐकलं तेव्हा कुठे आवाज ओळखीचा निघाला. ऑफिसात ही बाई टेबलासमोर उभी राहायची तेव्हा भुपेंद्र मोबाईलमधून मान वर करत नसे. चेहरा पाहण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

"केशोराव, तुम्ही तर..."

केशोराव शांतपणे वडा मोडत होते. "मी काय म्हनलो साहेब? पोरगी पाहाची आहे म्हनलो. लग्नाचं नाव म्या काढलं काय?"

भुपेंद्र ताडकन उभा राहिला. "ऑफिसचं काम ऑफिसात. आज सुट्टी आहे. चल आई."

सुलोचनाबाई हलली नाही. तिने आचलला जवळ बसवून घेतलं होतं आणि तिची सुटलेली रिबीन बांधत होती.

"दोन साल तुला गाडी नाही भेटली?"

"आई, प्रोसिजर असते. तुला नाही समजत."

"आज तं एका फोनवर भेटली."

भुपेंद्रने घराकडे वळून पाहिलं. घर कसं आहे, मूल कुठे झोपतं, कुठे अभ्यास करतं, सांभाळणारं कोण आहे, हे सगळं गृहभेटीत विचारायचं असतं. ते त्याने आपल्या तोंडाने विचारलं होतं, आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. विचारायला काही उरलंच नव्हतं. कान गरम झाले होते, आणि आपण शर्ट शिवून घेतला हे आठवून त्याला हसूही यायला लागलं होतं. तो खाली बसला.

"पोरगी मला पसंत आहे," सुलोचनाबाई म्हणाली. "लिहून टाक."

खिशात पेन नव्हता. आचलने आपला आणून दिला, वहीचा कागदही दिला, आणि तो लिहीत असताना कुठे काही चुकत तर नाही ना, हे मान वाकडी करून पाहत राहिली. अहवाल झाला. खाली शामकलाबाईचा अंगठा, केशोरावांची सही साक्षीला. उद्या सकाळीच तो वर पाठवतो, असं भुपेंद्रने आईसमोर कबूल केलं.

मग तो बाहेर आला. गाडीच्या दाराला टेकून गावातला म्हातारा उदाराम उभा होता. त्याने एका नातवाचं मनगट घट्ट धरलं होतं. पोराच्या केसांतून तेल कपाळावर ओघळत होतं. त्याच्या मागे आणखी काही घरची म्हातारी माणसं, आपापली बिनमायबापाची लेकरं धुऊनपुसून, रांगेत उभी होती.

"साहेब," उदाराम हात जोडून म्हणाला, "आमच्या घरी पोरगी नाई, पोरगा आहे. चालन काय?"